नखांना नियम नव्हता

सिहोऱ्याच्या चंद्रकांताच्या जिभेला सारा मोहल्ला वचकून असे, पण तिच्या हातांकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं होतंच काय? दर हंगामाला धान रोवून रोवून झिजलेली नखं, तर्जनीवर विळ्याची जुनी खूण, तळव्याला घट्टे. नवरा तापाने गेला तेव्हा तिची दामिनी शाळेतही जात नव्हती. मग बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, आणि लग्नाकार्यात हात पदराखाली धरून मागे बसायचं वाट्याला आलं. विधवेने हळदीला हात लावायचा नाही, मेंदी काढायची नाही, हे तिला कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात थोरली जाऊ शकुनबाई आली, तिच्या हातातलं हळदीचं ताट काढून घेतलं आणि म्हणाली, "तू आतमंदी स्वयपाकाचं पाय." एवढ्यात सगळं सांगून झालं.

चंद्रकांता त्या दिवशी गप्प बसली. त्यानंतर ती गप्प बसल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. धानाच्या बांध्या तिने स्वतः कसल्या, रोवणाऱ्या बायांची टोळी हाताखाली धरली, पाण्याच्या पाळीसाठी नहरावर उभी राहून बाप्यांशी भांडली, आणि दामिनीला तुमसरच्या कॉलेजात शिकवली. दसऱ्यानंतर आंधळगावच्या एका चांगल्या घरी दामिनीचं जमलं. लग्न फाल्गुनात ठरलं. बोलणी करून पाहुणे गेले, त्यांच्या चहाच्या कपबशा विसळता विसळता चंद्रकांताने लेकीला सांगून टाकलं, "तुया लग्नात मी हात पदराखाली धरनार नाई. लेक म्या वाढवली, अन् फोटोत माये हातच नाई? जमनार नाई." मागणं एवढंच होतं. गावाला वाटलं तेवढं मोठं नव्हतं, आणि तिला वाटलं तेवढं सोपंही नव्हतं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. पाळणे, जिलेबी, रात्री दंडारीचा खेळ, माणसांची ही गर्दी. शेजारच्या खुशबूने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं आणि मंडईच्या निमित्ताने बाहेर पाटी टांगली होती. पोरगी हुशार, मोबाईलवर पाहून पाहून शिकलेली. चंद्रकांता तिच्याकडे गेली होती दामिनीच्या लग्नातल्या मेकअपचं विचारायला. खुशबूने तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काकू, तुमचे बोटं किती लांब आहेत वो! बसा, नखं करून देतो."

"मायी नखं? माय बाई, चिखलात जानारे हात हे."

"जेलची करतो ना. महिनाभर निघत नाई. कामापुरती, आखूडच ठेवतो."

चंद्रकांता बसली. खुशबूने बाटलीतलं पातळसर काहीतरी ब्रशने नखांवर लावलं, ते थोडं कडेच्या कातडीवरही गेलं, मग साबणाच्या डबीएवढ्या निळ्या दिव्याखाली बोटं ठेवायला लावली. असं दोन-तीनदा केलं. शेवटी दहाही नखं डाळिंबी रंगाची, चकचकीत, एकसारखी झाली. चंद्रकांता आपल्याच हातांकडे बघत राहिली. नवीन नवरीसारखं तिने ते हात उलटे करून, सुलटे करून पाहिले, आणि तिला खरंच फार आनंद झाला. यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही, आणि आपल्यालाही वाटायचं कारण नाही.

घरी सासू दारातच बसलेली. रत्नाबाई. ऐन तरुणपणी विधवा झालेली बाई, आणि घरातल्या रीतीभातींची राखणदार तीच. नखं पाहून तिचे डोळे बारीक झाले.

"हे काय वं? कपाळ रिकामं अन् नखं लाल?"

"काहून? नखं नाई रंगवाची असं कोन म्हनलं?"

"रीत हाये."

"कोनती रीत? तुमच्या सासूनं सांगतली? तिनं अशी नखं पायली तरी होती काय?"

रत्नाबाई विचारात पडली. बांगड्यांची रीत तिला माहीत होती. कुंकवाची, हळदीची, मेंदीची, गजऱ्याची, हिरव्या लुगड्याची, सगळ्यांची माहीत होती. पण निळ्या दिव्याखाली वाळवलेल्या नखांबद्दल तिच्या सासूने, आजेसासूने, कोणीच काही सांगून ठेवलेलं नव्हतं. तिने शकुनबाईला बोलावून घेतलं. शकुनबाईने नाकाला पदर लावून नखं जवळून पाहिली, जसं काही त्यांना वास येत होता, आणि म्हणाली, "शोभत नाई."

"न शोभाचा नियम नाई बाई," चंद्रकांता म्हणाली आणि गुरांना पाणी दाखवायला गेली.

गाव हसलं, दोन दिवस बोललं, मग विसरलं. चंद्रकांता मात्र महिन्याच्या महिन्याला खुशबूकडे जाऊन नखं नवी करून आणू लागली. ग्रामपंचायतीत अंगठ्याऐवजी सही करायची असली की ती मुद्दाम हात टेबलावर पसरून ठेवी. फाल्गुनापर्यंत लोकांच्या डोळ्यांना या हातांची सवय होऊन जाईल, असा तिचा हिशेब होता.

पौषात उन्हाळी धानाचे रोवणे लागले. टोळी घेऊन चंद्रकांता बांधीत उतरली. पाच-सहा दिवस झाले असतील, तिच्या बोटांच्या टोकांना खाज सुटली. मग नखांच्या कडेची कातडी लाल झाली, सुजली, बारीक पुळ्या आल्या, भेगा पडल्या. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडायची म्हटली तरी जीव कळवळे. आता धानाच्या मुलखात पाण्यात काम करणाऱ्या बाईची बोटं फुटली तर कोणीही डोळे मिटून एकच नाव घेतं. चिखल्या. टोळीतल्या बायांनी तेच म्हटलं, चंद्रकांताने तेच मानलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चिखल्या ओळखत आलेली बाई, आपल्याच बाबतीत फसली.

चिखल्यांवर औषध ठरलेलं. कुंपणाच्या मेंदीचा पाला ओरबाडून आणायचा, पाट्यावर वाटायचा आणि बोटांना लपेटायचा. रोवण्याच्या दिवसांत सगळ्याच बाया लावतात. तो पाला वाटून दिला खुद्द रत्नाबाईने, आणि बोटांना लावून दिला शकुनबाईने. सकाळी टोळीतल्या बायांची बोटं पहिल्या पेरापर्यंत लाल. त्यांत सवाशिणी होत्या तशा दोन-तीन विधवाही होत्या. कोणी चकार शब्द काढला नाही.

पण चंद्रकांताला गुण येईना. रोवणे संपले, बाकीच्यांचे हात सुधारले, हिचे बिघडतच गेले. वाईट दिसतं म्हणून ती खुशबूकडे गेली आणि वरून आणखी एकदा नखं नवी करून आली. आगीत तेल ओतलं म्हणतात ते हे. दुसऱ्या दिवशी उठली तर दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजून डोळे नुसत्या चिरा झालेल्या. दामिनी घाबरली. आरसा हातात घेऊन चंद्रकांताने स्वतःला नीट पाहिलं आणि मग ती म्हणाली, "दामिनी, चिखलात माये हात गेलते. पाय गेलते. डोये कवा गेलते वं?"

तिने पाय पुढे घेऊन बोटांच्या बेचक्या पाहिल्या. दिवसभर चिखलात रुतलेले पाय, आणि त्यांना काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते फक्त नखांच्या कडेला, आणि जिथे जिथे ती बोटं लागली तिथे.

गावाला एवढा विचार करायची गरज नव्हती. गावाजवळ उत्तर तयारच होतं. "देवानं दाखवलं," असं कोणी बोअरिंगवर पाणी भरताना म्हणालं. शकुनबाई तर घरी येऊन बसली. सुजलेली जाऊ पाहून तिला दया आली हेही खरं, पण दयेच्या आधी तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"मी तं पयलेच म्हनत होती. नटाचं वय हाये काय आपलं? आता लग्नात हात झाकूनच ठेव. लोक पायतीन तं काय म्हनतीन, नवरीच्या मायले काय रोग झाला?"

चंद्रकांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात सडले तरी चालतील, पण या बाईचं खरं व्हायला नको, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले जातो. रोग हाये का काय हाये, डॉक्टर सांगन."

भंडाऱ्याच्या कातडीच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बोटं पाहिली, पापण्या पाहिल्या, आणि चिखलाचं काही न विचारता पहिला प्रश्न केला, "ही नखं केव्हापासून करता?"

दामिनीने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "या चिखल्या नाहीत. नखाच्या जेलची ॲलर्जी आहे. दिव्याखाली ते पूर्ण घट्ट झालं तर त्रास कमी. दिवा हलका असला, जेल कच्चं राहिलं आणि कातडीला लागत गेलं, की एक दिवस अंग त्याच्याशी वैर धरतं. पापण्यांची कातडी पातळ, म्हणून हात लागला की ती आधी सुजते. खात्री करायची तर नागपूरला पाठीवर पट्ट्या लावून तपासणी होते. पण तोवरही हे पुन्हा लावायचं नाही."

"दुसऱ्या कंपनीचं लावलं तं?" दामिनीने विचारलं.

"नाव बदललं तरी आत तेच. हे वैर जन्मभराचं असतं. जेल नको, ॲक्रिलिकची नखं नकोत, डिंकाने चिकटवायची तयार नखंही नकोत. आणि कधी दाढ भरायला गेलात तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. तिथंही याच्याच नात्यातली वस्तू वापरतात."

त्यांनी मलम लिहून दिलं. आहे ते जेल ओढून काढू नका, नख वाढेल तसं कापत जा, असं बजावलं. बहुतेक बाया इथे उठतात. चंद्रकांता उठली नाही.

"मंग लावू तं काय लावू?"

"म्हणजे?"

"लग्न हाये लेकीचं. हात दिसाचे हायेत मले. चालनारं काय हाये ते सांगा."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "साधी नेलपॉलिश पुढे केव्हातरी, नवं नख पूर्ण आल्यावर, आणि तीही आधी एकाच नखावर लावून बघा. लग्नापर्यंत नको. ती काढायच्या पाण्याने आग होईल."

"अन् मेंदी?"

"झाडाची? घरी वाटलेली?"

"हो. जलमभर लावतो, काही झालं नाई कधी."

"मग भेगा भरल्यावर खुशाल लावा. फक्त बाजारची काळी मेंदी नको आणि मेंदीचे तयार कोनही नकोत. त्यात काय कालवलेलं असतं ते सांगता येत नाही."

परतीच्या बसमध्ये दामिनी खिडकीबाहेर बघत होती. तुमसर गेल्यावर हळूच म्हणाली, "आई, पण मेंदी तं..." आणि थांबली. पुढचं दोघींनाही माहीत होतं. ज्या रंगाला कोणाची मनाई नव्हती, तो अंगाला चालेना. जो अंगाला चालत होता, त्याला मनाई. चंद्रकांता इतके दिवस नियमाच्या शेजारून निघून गेली होती, कुंपणाला भोक पाहून कोंबडी निघते तशी. आता तिला नियम मोडूनच जावं लागणार होतं, दिवसाढवळ्या, भर मांडवात. तिला भीती वाटली का? वाटली. आणि भीती वाटली याचाच तिला राग आला.

संध्याकाळी ती खुशबूकडे गेली. ऐकून खुशबू रडकुंडीला आली. "मायं सामान चांगलं हाये काकू. तुमी चिखलात हात घातले, मी काय करू? तुमी असं गावभर सांगाल तं मायं पार्लर बंद होईन."

"तुये हात दाखव."

"काहून?"

"दाखव म्हनलं ना."

खुशबूने आधी हात मागे नेले, मग पुढे केले. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं सोललेली, कोरडी, चिरलेली. ती पोर केव्हापासून भांड्यांच्या साबणाला दोष देत होती. चंद्रकांता भांडायला म्हणून आली होती, ती तिथेच खाली बसली. "मूर्ख पोट्टी," ती म्हणाली, "मायं तं हौसेनं झालं, तुयं तं रोजचं हाये. पातळ हातमोज्यानं ते थांबत नाई म्हने. बंद कर हे. नखं कापून, घासून साफ कर, मेंदी काढ, मेकअप कर. गाव काय नखांवरच जगते?" आणि डॉक्टरांच्या मलमातलं अर्धं तिच्या हातात दाबायला निघाली, तेव्हा दामिनीने तिला आवरलं आणि खुशबूला भंडाऱ्याचा पत्ता दिला. खुशबूने तो दिवा उचलून माळ्यावर टाकला. पुढे काही दिवस तिची गिऱ्हाइकं तुटली, हेही सांगायला हवं.

महिना-दीड महिन्यात पापण्या उतरल्या, भेगा भरल्या. नखं मात्र पातळ, वेडीवाकडी, अर्धी जुनी, अर्धी नवी. दिसायला पहिल्यापेक्षाही वाईट. घरात कोणी मेंदीचं नाव काढलं नाही. चंद्रकांताने काढलं नाही म्हणून सगळ्यांना वाटलं, बाई निवली. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी ती कुंपणाशी गेली, पाला ओरबाडला आणि अंगणातच, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या देखत, पाट्यावर वाटायला बसली. रत्नाबाईने दारातून पाहिलं.

"नवरीले लावाले वाटून राहिली काय?"

"नवरीले खुशबू लावन. हे मायं हाये."

रत्नाबाई आत गेली, आणि रात्री जेवली नाही.

हळदीच्या सकाळी जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव माणसांनी गच्च भरला होता. दामिनी पाटावर बसली होती. पाच सवाशिणी ताटाभोवती, पुढे शकुनबाई. आतल्या दारातून चंद्रकांता बाहेर आली. पदर खोचलेला, हात मोकळे, दहाही बोटं पहिल्या पेरापर्यंत लालभडक. नक्षी नाही, काही नाही. वाजंत्री वाजवता वाजवता थांबले.

"कांता," शकुनबाई दबक्या आवाजात म्हणाली, "हे काय करून ठेवलं? पाव्हने बसून हायेत."

"मेंदी हाये. रोवण्यात तुमीच तं लावून देल्ली होती, याच बोटायले."

"ते औषध होतं!"

"मंग हेबी औषधच समजा. तवा माया हाताले होतं, आता लोकायच्या डोक्याले हाये."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शकुनबाईचा चेहरा उतरला, पण ती वाटेतून हलली नाही. आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं, जे अशा वेळी शेवटी हमखास येतंच. "अन् पोरीचं काही वाईट झालं तं?"

एवढा एकच घाव चंद्रकांताला खरा लागणारा होता, आणि तो लागला. तिचा आवाज चढला तो रडवेला होऊनच. "पोरीचं वाईट मी करीन? तिले ताप आला तवा उशाशी हेच हात होते. तिची फी भराले धान याच हातानं कापलं. तवा एकजन नाई म्हनलं, का विधवेच्या हातचं खाऊ नको पोरी! इतकी वर्सं या हातानं तिचं चांगलंच झालं, अन् आज चिमूटभर हळदीनं वाईट होईन? सरका बाई तुमी."

शकुनबाई सरकली नाही. दामिनीने पाटावरूनच हात लांबवून हळदीचं ताट आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि तोंड आईकडे केलं. चंद्रकांता खाली बसली. लाल बोटं पिवळी झाली. तिने लेकीच्या गालांना, कपाळाला, हातांना हळद लावली, सगळ्यांच्या आधी. फोटोवाल्याने न सांगता फोटो काढला. आभाळ कोसळलं नाही. वाजंत्री थांबले होते ते मात्र पुन्हा वाजवायला लागले.

मग ती उठली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. रत्नाबाई भिंतीला टेकून बसली होती, इतकी वर्षं प्रत्येक हळदीला बसत आली तशी. स्वतःची दोन पोरं, दोन पोरी, चौघांची हळद तिने याच दारातून पाहिलेली.

"चला माय."

"मले कायले? मी नाई येत. तुयं तू केलं ना, बस झालं."

"नात हाये तुमची. चला."

चंद्रकांताने तिला दंडाला धरून उठवलं. म्हातारी नको नको म्हणत राहिली, शिव्याही दिल्या, पण पाय मागे घेत नव्हती. मांडवात आणून सुनेने तिला पाटासमोर बसवलं आणि तिचा हात ताटात ठेवला. हळद कशी लावतात हे म्हातारी विसरून गेली होती. तिने मूठभर घेतली आणि दामिनीच्या गालावर थापली. मग दुसऱ्या गालावर. मग हनुवटीवर, मानेवर, केसांत, लहान लेकराला न्हाऊ घालताना चोळतात तशी ती चोळतच राहिली. दामिनीचे डोळे चुरचुरायला लागले, तरी ती हलली नाही.

"बस ना माय," शकुनबाई न राहवून म्हणाली, "किती लावता? झाली ना."

रत्नाबाईने मान वर केली नाही.

"थांब वं," ती म्हणाली, "मायी चार लेकरायची राह्यली हाये."

आणि तिने पुन्हा ताटात हात घातला.